क्रोसिनची स्ट्रिप

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी इथं स्वीडनमध्ये, वेस्तेरोसला, बसस्टॉपवर उभी होते. आमच्या 'माहेरची माणसं' ग्रुपवर घटांच्या फोटोंमागोमाग ट्रम्प येऊन ठेपले. २२ सप्टेंबर २०२५ चा व्हाइट हाउसमधला व्हिडिओ. शेजारी आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी ज्युनियर. गरोदर बायकांनी टायलेनॉल घेऊ नये, त्याचा पोरांना ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, होण्याशी संबंध आहे, जमेल तेवढं सहन करा, असा एकूण उपदेश. त्याखाली आमच्या सुलूताईचा प्रश्न: 'टायलेनॉल म्हणजे आपली क्रोसिनच ना गं?' हो, दोन्ही पॅरासिटामॉलच.

मग सुरू झालं. 'एवढा मोठा माणूस उगाच बोलेल का?' 'म्हणूनच हल्ली घरोघरी दिसतंय.' 'आमच्या वेळी कुणी गोळ्याबिळ्या घेत नव्हतं.' हे शेवटचं वाक्य ज्या काकूंचं, त्यांच्या पर्समध्ये सॅरिडॉन नाही असा दिवस मी आयुष्यात पाहिलेला नाही. पाच-सहा मिनिटं अशी गेली आणि मग एकदम शांतता. पाठोपाठ दोन मेसेज डिलीट झाले. माझा थोरला स्वमग्न आहे आणि मी याच ग्रुपवर आहे, हे कुणाला तरी आठवलं होतं.

मला राग आला तो त्या डिलीट केलेल्या मेसेजचा. लिहिलेलं वाचून मी भांडले तरी असते.

बसमध्ये बसून मी एक लांबलचक मेसेज लिहिला. परदेशात राहणाऱ्या मावश्या लिहितात तसा, 'आमच्याकडे' या शब्दानं सुरू होणारा. आमच्याकडे स्वीडनमध्ये या प्रश्नाचा अभ्यास झालेला आहे आणि तो एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्याच मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलाय. १९९५ ते २०१९ या काळात इथं जन्मलेली जवळपास २५ लाख मुलं. वरवर पाहिलं तर आईनं गरोदरपणी पॅरासिटामॉल घेतलेल्या मुलांत ऑटिझम किंचित जास्त दिसतो: दहाव्या वर्षापर्यंत १.५३ टक्के, न घेतलेल्यांत १.३३. पण एकाच आईची दोन मुलं शेजारी शेजारी ठेवली, एकाच्या वेळी गोळी घेतलेली आणि दुसऱ्याच्या वेळी नाही, तर तो फरकच नाहीसा होतो. म्हणजे जे काही आहे ते घराण्यात आहे, आईच्या तब्येतीत आहे, ज्या तापासाठी किंवा दुखण्यासाठी गोळी घेतली त्यात असेल. गोळीत नाही. आणि हो, ज्या दिवशी ट्रम्प बोलले त्याच दिवशी त्यांच्याच एफडीएनं, म्हणजे औषधांवर देखरेख करणाऱ्या खात्यानं, डॉक्टरांना पत्र पाठवलं, त्यात कार्यकारण संबंध सिद्ध झालेला नाही असं स्वच्छ लिहिलंय. ते कुणी फॉरवर्ड केलं का?

एवढं सगळं पाठवलं. उत्तरादाखल एक नमस्काराचा हात आणि 'छान माहिती' असं आलं.

मिरजेत, जिथं दर दुसऱ्या दाराला डॉक्टरची पाटी आहे, तिथल्या माणसांनी आजाराचं निदान अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाकडून घ्यावं, हे मला अजून पटत नाही. पाच-सात वर्षांपूर्वी याच ग्रुपवर लशीमुळे ऑटिझम होतो असं फिरत होतं. त्याचं मूळ म्हणजे इंग्लंडच्या वेकफील्ड यांचा १९९८ चा लेख. बारा मुलांवरचा तो लेख नियतकालिकानं २०१० मध्ये मागे घेतला आणि त्याच वर्षी त्यांची डॉक्टरकीही गेली. तेव्हाही मी लांब मेसेज लिहिला होता. तेव्हाही 'छान माहिती' आलं होतं. लस गेली, गोळी आली, आई मात्र जागेवरच. काही जुन्या पाश्चात्य तज्ज्ञांनी तर आई मायेनं थंड असते म्हणून मूल असं होतं, असंही छातीठोकपणे सांगितलेलं आहे. आपल्याकडे त्याला ग्रहण म्हणायचे.

'पूर्वी कुठं होतं हे?' याचं उत्तर मला पुस्तकात शोधावं लागत नाही. आमच्या गल्लीत एक शरददादा होता. मिरज जंक्शनला तेव्हा ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ होते आणि शरददादाला तिन्हींवरच्या सगळ्या गाड्यांच्या वेळा पाठ होत्या. लातूरची बारकी गाडी किती उशिरा येते तेही तो सांगायचा. तो कुणाच्या डोळ्यात बघायचा नाही, चपलेचा उजवा पट्टा डाव्याआधी लागला तर घरी परत जाऊन पहिल्यापासून निघायचा. त्याला वेडा शरद म्हणत. त्याच्या आईनं ग्रहणात भाजी चिरली होती, असं आमची आजी ठामपणे सांगायची. त्या बाईला क्रोसिन हे नाव तरी ठाऊक होतं का, देव जाणे. अमेरिकेत आठ वर्षांच्या मुलांत हे प्रमाण २००० साली १५० मध्ये एक होतं, २०२२ मध्ये ते ३१ मध्ये एक झालं, हा आकडा काकूंनी मला ऐकवला. खरा आहे. पण मधल्या काळात व्याख्या रुंदावली, तपासणारे वाढले, मुली मोजायला लागले. शरददादा कुठल्याच आकड्यात नव्हता.

गरोदरपणात कुठलंही औषध घ्या, काही होत नाही, असं मी म्हणत नाही. मिरगीसाठी देतात त्या व्हालप्रोएटचा ऑटिझमशी संबंध खराच आहे. डेन्मार्कच्या नोंदींतून २०१३ मध्ये तो चांगला ठळक दिसला, आणि मूल होऊ शकणाऱ्या बाईला ते औषध लिहून देताना आता डॉक्टर दहादा विचार करतात. मुद्दा असा की तेही नोंदींमुळेच कळलं. कुठल्या तरी मंचावरून 'सहन करा' म्हटल्यानं नाही.

आणि नोंदी इथं का आहेत? थॅलिडोमाइड हे पूर्वी गरोदर बायकाही घ्यायच्या ते औषध, इथं नेउरोसेडीन नावानं विकलं जायचं. हातपाय नसलेली मुलं जन्मली. त्या धड्यातूनच १९७३ पासून इथं प्रत्येक बाळंतपणाची नोंद एका रजिस्टरमध्ये होते. बार्नमोर्स्का, म्हणजे सुईण-नर्स, पहिल्या भेटीत विचारते, औषधं काही घेतलीत का, आणि उत्तर टाइप करते. पेर्सूननुम्मर, म्हणजे प्रत्येकाचा ओळख-क्रमांक, आहेच, त्यामुळे वीस वर्षांनी ते उत्तर मुलाच्या निदानाला जोडता येतं. या व्यवस्थेचा मला अभिमान आहे. माझी नसताना तिचा अभिमान आहे, हे थोडं विचित्र आहे खरं. महाराष्ट्रातल्या बाईच्या औषधाची नोंद म्हणजे उशाखालची चिठ्ठी, ती दिवाळीच्या साफसफाईत जाते, असं मी नवऱ्याला म्हणाले. तो म्हणाला, 'आणि निदानाला आपण इथं किती थांबलो ते पण लिही की ग्रुपवर.'

ते मी लिहिलं नव्हतं. थोरल्याचं वेगळं आहे हे बीवीसीच्या, म्हणजे इथल्या बालआरोग्य केंद्राच्या, बाईंनी तिसऱ्या वर्षी सांगितलं आणि निदानाचा कागद हातात पडला तेव्हा तो सहा वर्षांचा होता. मधली तीन वर्षं रांग. त्याच तीन वर्षांत माझ्या मामेभावानं त्याच्या मुलीला पुण्यात दाखवलं, पंधरा दिवसांत थेरपी सुरू केली, अर्थात खिशातून पैसे घालून. आमच्या थोरल्याला शाळेत सोबतीला माणूस मिळाला, एक पैसा लागला नाही. त्याच्या दहाव्या वाढदिवसाला आम्ही वर्गातल्या बावीस जणांना बोलावलं तेव्हा दोघंजण आली. मिरजेला गेलो की त्याच्याशी बोलणं जमो न जमो, गल्लीतली दहा पोरं त्याला क्रिकेटमध्ये अंपायर करतात, कारण तो चेंडू मोजायला कधीच चुकत नाही. यातलं कुठलं कुठल्याच्या बदल्यात घ्यायचं हे मला बारा वर्षांत ठरवता आलेलं नाही. भांडताना मात्र मी फक्त सोबतीचा माणूस सांगते.

आईबद्दलही असंच. निदान झालं तेव्हा फोनवर तिचा पहिला प्रश्न होता, 'तेव्हा काही उलटसुलट खाल्लं होतंस का गं?' मी आठवडाभर तिच्याशी बोलले नाही. पण २०२२ च्या उन्हाळ्यात ती इथं आली तेव्हा तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की थोरला क्नेकेब्रोच्या, म्हणजे इथल्या कडक कुरकुरीत ब्रेडच्या, खोल खळग्यांच्या बाजूलाच लोणी लावलेलं खातो. सपाट बाजूला लावलं तर ताट ढकलून देतो आणि दिवस जातो. माझ्या नवऱ्याला हे कळायला वर्ष लागलं होतं. आई रोज सकाळी सुरी घेऊन स्वतःशी पुटपुटायची, 'खळगे वर, खळगे वर,' आणि कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत लोणी पोचवायची.

तर ग्रुपवरचं ते प्रकरण थंडावलं असं मला वाटत होतं. दसरा झाल्यावर सुलूताईच्या मुलीचा, सायलीचा, वेगळा मेसेज आला. तिला सातवा महिना. दोन दिवस १०२ ताप. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल लिहून दिलेलं, घरात कुणी घेऊ देईना. 'आई म्हणतेय क्रोसिन नको, त्यापेक्षा ब्रुफेन घे.'

मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन तिला फोन लावला. विसाव्या आठवड्यानंतर ब्रुफेनच्या जातीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये, बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, हे अमेरिकेच्या एफडीएनं २०२० मध्येच सांगून ठेवलंय. ट्रम्प यांच्या एका वाक्यानं मिरजेत हे केलं होतं: त्यातल्या त्यात सुरक्षित असलेली गोळी काढून घेतली आणि नको ती हातात दिली. 'डॉक्टरांनी दिलीय ती घे, रक्त तपासून घे, डेंग्यूचे दिवस आहेत. ताप अंगावर काढणं हेच बाळाला वाईट.' मी अगदी ११७७ या इथल्या आरोग्य हेल्पलाइनवरच्या नर्ससारखी बोलत होते. इथं पाय मोडला तरी आधी अल्वेडॉन, म्हणजे इथली क्रोसिन, घ्या म्हणतात, असा आमच्यात विनोद आहे.

सायली गप्प होती. मग म्हणाली, 'मावशी, खरं सांग. तू घेतली होतीस?'

इथं मला तो २०१२ चा नोव्हेंबर सांगितला पाहिजे. दुपारी तीनलाच अंधार. बार्नमोर्स्काच्या खोलीत खिडकीत मेणबत्तीच्या आकाराचा दिवा. तिनं कीबोर्डवर हात ठेवून विचारलं, काही औषधं? मी म्हणाले, 'फोलिक ॲसिड. बाकी काही नाही.' माझ्या पर्समध्ये क्रोसिनची स्ट्रिप होती, अर्धी संपलेली. पहिल्या तीन महिन्यांत डोकं फार दुखायचं, दहा-बारा गोळ्या तरी गेल्या असतील. गोळीची भीती नव्हतीच मला, अल्वेडॉन घेतली म्हणाले असते तर तिनं मानही वर केली नसती. पण ती स्ट्रिप मिरजेची होती. स्वीडिशच्या वर्गात आठवड्याभरापूर्वीच, परदेशी लोक सूटकेस भरून आपल्या देशची औषधं आणतात, यावर सगळे हसले होते. मीही हसले होते. स्ट्रिप काढली असती तर मग आईनं दिलेला शतावरी कल्प, कसलं तरी चूर्ण, सगळं दप्तर उघडावं लागलं असतं. मला त्या खोलीत व्यवस्थित बाई व्हायचं होतं. तिनं टाइप केलं आणि हसली.

धाकटीच्या वेळी, २०१६ मध्ये, मी सरावले होते. तिच्या वेळी तापात घेतलेल्या दोन अल्वेडॉन इमानदारीत सांगितल्या. म्हणजे रजिस्टरमध्ये आमचं घर असं आहे: ज्याच्या वेळी गोळी घेतली नाही तो स्वमग्न, जिच्या वेळी घेतली ती नाही. भावंडांची तुलना ज्यावर उभी आहे, नेमकी तसली जोडी. दोघंही १९९५ ते २०१९ मध्ये बसतात. मी ग्रुपवर ज्या २५ लाखांची टिमकी वाजवली त्यात ही दोन आहेत, आणि त्यातलं एक माझ्या तोंडून चुकीचं गेलेलं आहे. त्या अभ्यासात गोळी घेतल्याची नोंद असलेल्या आया जेमतेम साडेसात टक्के आहेत, हे फार कमी आहे, असं टीकाकार म्हणतात. मला ती टीका वाचताना कान गरम होतात. एका माझ्यानं २५ लाखांचं काही बिघडत नाही हे कळतं, दुसऱ्या देशांतल्या अभ्यासांतही भावंडांची तुलना तेच सांगते हेही माहीत आहे. तरी.

सायलीला मी म्हणाले, 'हो. दहा-बारा.'

'आणि तरी म्हणतेस घे?'

'तरी म्हणतेय घे.'

तिनं घेतली. पहाटे ताप उतरला, रिपोर्टमध्ये डेंग्यू नव्हता. तिच्या आईला तिनं काय सांगितलं ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी कोजागरीच्या आटीव दुधाचे फोटो आले, त्यात काकूंनी मला टॅग करून लिहिलं होतं, 'आमच्या स्वीडनच्या ताईनं बघा, दोन्ही वेळी किती काळजी घेतली होती, एक गोळी नाही.' धाकटीच्या दोन अल्वेडॉनही त्यांनी हिशेबातून काढून टाकल्या होत्या.

मी त्याला नमस्काराचा हात टाकला.