स्टीव्ह जॉब्सचे ‘शेवटचे शब्द’ आणि आमच्या काकाजींचं ऑपरेशन

ॲपल कंपनी काढणाऱ्या स्टीव्ह जॉब्सच्या नावावर खपवलेलं ते मृत्यूशय्येवरचं मनोगत तुमच्याही ग्रुपवर येऊन गेलं असेलच. व्यवसायाच्या जगात मी यशाचं शिखर गाठलं, इथून ते सुरू होतं. मग पलंगाला खिळलेला अब्जाधीश, अंधारात लुकलुकणारे यंत्रांचे हिरवे दिवे, पैशाचा फोलपणा, कुटुंबाकडे झालेलं दुर्लक्ष, एकटेपणा. घड्याळ तीनशेचं असो की तीसचं, वेळ तीच दाखवतं. आणि शेवटी उपदेश: अन्न औषधासारखं खा, नाहीतर औषध अन्नासारखं खावं लागेल.

आजवर मी हे आलं की न वाचता उडवत होतो. यावेळी ते इथे नागपुरात अंबाझरीला सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींच्या ग्रुपवरून आमच्या काकाजींकडे आलं, आणि काकाजींच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली आहे. कॅन्सरची. धंतोलीतल्या डॉक्टरांनी ऑपरेशन लवकर करा म्हणून सांगितलंय. काकाजी फोन माझ्यासमोर धरून म्हणतात, “एवढ्या पैसेवाल्याले डॉक्टर वाचवू शकले नाही बावा, तर मी काहून पोट फाडून घेऊ? तो सोताच सांगून गेला ना, खाण्यातच औषध आहे म्हणून.” घरात सकाळ-संध्याकाळ गाजर-बीटाचा रस निघतोय, ऑपरेशनची तारीख मात्र निघत नाही.

म्हणून त्या मजकुराच्या शेवटापासूनच सुरुवात करतो, कारण सगळ्यात घातक तेच आहे.

अन्न हेच औषध, हे वाक्य ज्याच्या तोंडी अजिबात शोभणार नाही असा माणूस शोधायला निघालात तर स्टीव्ह जॉब्सपाशीच येऊन थांबाल. वॉल्टर आयझॅकसनने लिहिलेलं त्याचं चरित्र आहे. ते लिही म्हणून जॉब्सच त्याच्या मागे लागला होता, त्यासाठी त्याने चाळीसहून अधिक मुलाखती दिल्या, आणि जॉब्स गेला त्याच महिन्यात ते बाजारात आलं. खाली जे सांगतोय ते बहुतेक त्यातलंच. मी काही त्याच्या गावाला, पालो अल्टोला, जाऊन आलेलो नाही.

ऑक्टोबर २००३ मध्ये किडनी तपासायला म्हणून काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये त्याच्या स्वादुपिंडावर काहीतरी दिसलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर म्हटलं की आपल्याकडे माणसं हात टेकतात, पण त्याचा प्रकार वेगळा होता. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर. दुर्मीळ, हळू वाढणारा, आणि वेळेत काढून टाकला तर बरं होण्याची आशा असलेला. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करून घे. त्याने नाही म्हटलं. तब्बल नऊ महिने.

या नऊ महिन्यांत त्याने काय केलं ते काकाजींनी नीट वाचावं. दूध-दही-तूपही वर्ज्य असलेला कडक शाकाहार. भरपूर गाजराचा आणि फळांचा ताजा रस. ॲक्युपंक्चर. जडीबुटी. इंटरनेटवर सापडलेले उपाय. एका अतींद्रिय शक्तीवालीचा सल्लासुद्धा. बायको समजावून थकली, मित्र थकले. इंटेलचा माजी प्रमुख अँडी ग्रोव्ह स्वतः प्रोस्टेटच्या कॅन्सरमधून गेलेला माणूस. त्याने तोंडावर सांगितलं की तुला वेड लागलंय. जुलै २००४ च्या स्कॅनमध्ये गाठ वाढलेली दिसली, तेव्हा कुठे ३१ जुलैला ऑपरेशन झालं. त्यात डॉक्टरांना यकृतावरही तीन ठिकाणी कॅन्सर पसरलेला सापडला.

इतका उशीर का केलास, असं आयझॅकसनने विचारलं तर उत्तर काय मिळालं? मला माझं शरीर उघडू द्यायचं नव्हतं, म्हणून आणखी काही जमतं का ते पाहत होतो. म्हणजे आमच्या काकाजींचंच ‘काहून पोट फाडून घेऊ’. आणि या उशिराचा त्याला पुढे पश्चात्ताप झाला, असं आयझॅकसन सांगतो. ज्या माणसाने आहारावर भरवसा ठेवून नऊ महिने घालवले, त्याच्याच नावाने आपण लोकांना आहारावर भरवसा ठेवायला सांगतोय!

बरं, हे आहाराचं खूळ आजारपणातलं नव्हे. तरुणपणी तो महिनोन्महिने नुसत्या फळांवर राहायचा. अशा आहाराने अंगाला वास येत नाही, म्हणून आंघोळीची गरज नाही, ही त्याची समजूत. अटारी कंपनीतल्या सहकाऱ्यांचं मत वेगळं होतं, म्हणून त्याला रात्रपाळीला टाकलं. कंपनीचं ॲपल हे नावसुद्धा फळाहाराच्या अशाच एका काळात, सफरचंदांच्या बागेतून परतताना सुचलेलं. अन्न औषधासारखं खाऊन आजार टळत असता, तर या माणसाला सर्दीसुद्धा व्हायला नको होती.

नऊ महिने आधी ऑपरेशन झालं असतं तर तो वाचलाच असता, असं छातीठोकपणे कोणी म्हणू शकत नाही. डॉक्टरांमध्येही यावर मतभेद आहेत. काकाजींचा आजार वेगळा, अवयव वेगळा, त्यांचं काय करायचं ते त्यांचे रिपोर्ट पाहणारे डॉक्टरच ठरवतील. पण ‘डॉक्टर वाचवू शकले नाही’ हेही धड खरं नाही. ऑपरेशननंतर तो सात वर्षांहून जास्त जगला. २००७ चा आयफोन त्यानंतरचा. २००९ मध्ये मेम्फिसला यकृताचं प्रत्यारोपण झालं, आणि २०१० चा आयपॅड त्याच्याही नंतरचा. रस प्या, संत्र्याचा प्या, नागपुरात राहून कोण नको म्हणतंय? तारीख घेऊन प्या.

आता ते हिरवे दिवे आणि एकटेपणा. जॉब्स ५ ऑक्टोबर २०११ ला पालो अल्टोच्या स्वतःच्या घरी वारला. जवळ बायको होती, मुलं होती, बहिणी होत्या. हे त्याची सख्खी बहीण, कादंबरीकार मोना सिम्पसन हिने सांगितलंय. त्याला जन्मतःच दत्तक दिलेलं, त्यामुळे दोघांची ओळखच मोठेपणी झाली. तिने शोकसभेत केलेलं भाषण त्याच महिन्यात न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आलं. त्यात त्याचे शेवटचे शब्दही आहेत: “ओह वॉव. ओह वॉव. ओह वॉव.” एवढेच. त्याने आधी पॅटी या दुसऱ्या बहिणीकडे पाहिलं, मग मुलांकडे, मग बायकोकडे, आणि मग त्यांच्या पलीकडे कुठेतरी. पानभर प्रवचन द्यायला तिथे कोणाला वेळ होता?

कुटुंबाकडे दुर्लक्ष झालं, हे मात्र अर्धं खरं आहे, मानावंच लागतं. पहिली मुलगी लिसा १९७८ मध्ये झाली, तर ती आपली नाहीच असं तो बरीच वर्षं म्हणत राहिला. आणि चरित्र कशासाठी हवं होतं, याचं त्याने स्वतः दिलेलं एक कारण असं, की मुलांना आपण कळावं, कारण आपण त्यांच्यासाठी नेहमी हजर नव्हतो. खंत खरी होती. पण ती चरित्रकाराशी बोलताना सांगितलेली खंत आहे. तिच्यावरून अख्खं मनोगत रचून त्याच्या नावावर चिकटवायची मुभा कोणालाच मिळत नाही.

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवायला नको. स्वस्त घड्याळाचं कौतुक सांगायला या लोकांना ॲपलचाच प्रमुख सापडावा, हा विनोद त्यांचा त्यांनाच दिसत नाही. विमान पडलं तर फर्स्ट क्लासवालेही पडतात, असंही एका आवृत्तीत आहे. जॉब्सला कंपनीच्या संचालक मंडळाने २००० मध्ये गल्फस्ट्रीम विमानच भेट दिलं होतं, त्याला कसला आलाय फर्स्ट क्लास. आपल्याकडच्या प्रतींना आणखी एक शेपूट असतं, की नीम करोली बाबांनी उष्टं सफरचंद दिलं आणि त्यावरून लोगो आला. बाबा सप्टेंबर १९७३ मध्ये गेले, जॉब्स भारतात आला १९७४ मध्ये. तो उष्टा लोगो रॉब जॅनॉफ नावाच्या डिझायनरने १९७७ मध्ये काढला, आणि घास यासाठी दाखवला की लहान आकारात ते सफरचंद चेरीसारखं दिसू नये.

पैशाबद्दल जॉब्सचं काहीतरी पाठवल्याशिवाय सकाळचा चहा गोड लागत नसेल, तर त्याचं खरं वाक्य आहे. १९९३ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलशी बोलताना तो म्हणाला होता की स्मशानातला सगळ्यात श्रीमंत माणूस होण्यात मला रस नाही, आज आपण काहीतरी झकास केलं असं म्हणत रात्री झोपायला जाणं मला महत्त्वाचं वाटतं. तेव्हा तो ३८ वर्षांचा होता, धडधाकट होता, आणि कोणत्याही पलंगाला खिळलेला नव्हता. अंबाझरीच्या मंडळींनी खुशाल हे पाठवावं, त्यात कोणाच्या ऑपरेशनचा विषय नाही.