‘कोकणात अशी मुलं नसतात’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

दहावीचे निकाल लागले की गावागावांतल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो. सार असं: लर्निंग डिसॅबिलिटी (अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी असूनही वाचन-लेखन अडणं) हे मुंबई-पुण्याचं खूळ आहे, कोकण बोर्ड दरवर्षी राज्यात पहिलं येतं, म्हणजे इथे अशी मुलं नाहीतच, दोन छड्या बसल्या की पोर वाचायला लागतं, अशा अक्षमतेचा दाखला काढणारे पालक मार्कांच्या मागे असतात, आणि खास शाळेत घातलं की मुलावर कायमचा शिक्का बसतो.

निकालाचं आधी. 2024 मध्ये कोकण विभागाचा दहावीचा निकाल 99.01 टक्के लागला. अभिमान वाटावा असाच. पण ही टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांची आहे. वाचता येत नाही म्हणून त्याआधीच दप्तर टाकून होडीवर खलाशी म्हणून गेलेला मुलगा या हिशेबात येतच नाही.

आता छडी. समुद्राला उधाण कधी, भांग (कमी भरती-ओहोटी) कधी हे तिथीवरून अचूक सांगणारा मुलगा ‘ध’ आणि ‘घ’मध्ये अडखळतो, जोडाक्षर आलं की अंदाजाने शब्द ठोकतो, फळ्यावरचं उतरवताना काना-मात्रा गाळतो. त्याला ‘ढ’ म्हणणं हा अन्याय आहे. अध्ययन अक्षमतेच्या निदानात बुद्धी सर्वसाधारण असणं हे गृहीतच असतं; अडचण अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालण्यात असते. आणि हे आजचं खूळ नव्हे. 1896 साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी गणितात चांगल्या, हुशार, तरीही वाचू न शकणाऱ्या 14 वर्षांच्या मुलाची नोंद प्रसिद्ध केली होती. मारून एवढंच होतं की मुलगा पुस्तकाला घाबरतो, पोट दुखतंय म्हणून घरी राहतो. शिवाय 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारायला बंदी आहे.

उपयोग होतो तो वेगळ्या शिकवण्याचा. एक ध्वनी, एक अक्षर. ते बघायचं, मोठ्याने म्हणायचं, वाळूत बोटाने गिरवायचं, पक्कं झालं की पुढचं. आठवड्यातून काही तास, अनेक महिने. यासाठी शिकलेला शिक्षक आणि वेळ लागतो.

दाखल्याबद्दल थोडक्यात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे. 2018 च्या केंद्रीय सूचनांत वयाच्या आठव्या वर्षापासून तपासणी, मग 14 व्या आणि 18 व्या वर्षी पुन्हा, असं ठरलं होतं. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. ज्याने अभ्यासच केला नाही, त्याला जादा वेळ उत्तर सुचवत नाही.

खास शाळेबाबत मेसेजमध्ये एक खरी भीती आहे, ती मी झटकून टाकणार नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या विशेष शाळा बहुतांशी कर्णबधिर किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी आहेत. त्या आपलं काम करतात, पण वाचन अडलेल्या मुलाची ती जागा नव्हे. तिथे त्याला हवं ते मिळणार नाही. केवळ अध्ययन अक्षमतेसाठी चालणाऱ्या शाळेच्या शोधात पालकांना मुंबईकडे बघावं लागतं, आणि गुहागर किंवा देवगडच्या कुटुंबाला बिऱ्हाड हलवणं परवडत नाही. अडचण फार तीव्र असेल तर काही वर्षं अशी शाळा लागतेही. बाकीच्यांना गावच्याच शाळेत राहून मदत मिळायला हवी. दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 16 तेच सांगतं: ही अक्षमता लवकरात लवकर ओळखा आणि योग्य अध्यापनाची सोय करा. शिक्का बसतो तो शाळेमुळे नाही, चारचौघांत ‘मठ्ठ’ म्हणण्यामुळे.

तुमचं मूल तिसरीत असेल, तोंडी सगळं येत असेल आणि वाचन मात्र सरकत नसेल, तर थांबू नका. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मग मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या (शाळांना मदत करणाऱ्या सरकारी केंद्रातल्या) विशेष शिक्षकाकडून पाहणी मागा, जिल्हा रुग्णालयात तपासणी कुठल्या दिवशी असते ते विचारा. अर्जाची पोच न विसरता घ्या.