"इंटरफेरॉन वाढवा, गाठ विरघळेल": या दाव्यात चूक कुठे आहे

व्हॉट्सॲपवर फिरणारा दावा असा: इंटरफेरॉन म्हणजे शरीराचं स्वतःचं कॅन्सरवरचं औषध, ते जितकं वाढेल तितकी गाठ विरघळेल, नैसर्गिक असल्याने अपाय नाही, आणि काढा घेतला की ते वाढतं.

"शरीराचं औषध." इंटरफेरॉन हा मुळात पेशींमधला निरोप आहे. टी-पेशींनी (रोगप्रतिकारक पेशींनी) सोडलेलं गॅमा इंटरफेरॉन कॅन्सरपेशीवर बसलं की आत जॅक१, जॅक२ ही विकरं आणि मग स्टॅट१ हे प्रथिन जागं होतं. त्यातून दोन उलट गोष्टी घडतात. पेशी आपल्या प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर जास्त मांडते, म्हणून टी-पेशींना ती ओळखू येते. शिवाय ती पीडी-एल१ हे प्रथिन पृष्ठभागावर चढवते आणि त्याच टी-पेशींना थोपवते.

"जितकं जास्त तितकं चांगलं." सर्वांत घातक वाक्य हेच. निरोप पोचलाच नाही तर नुकसान होतं, हे खरं: २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पेम्ब्रोलिझुमॅबला (टी-पेशींवरचा हा लगाम सोडवणाऱ्या इम्युनोथेरपीच्या औषधाला) आधी दाद देऊन पुन्हा बळावलेल्या मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कॅन्सरच्या) चार रुग्णांपैकी एकाच्या गाठीत जॅक१ आणि दुसऱ्याच्या गाठीत जॅक२ निकामी झालेलं आढळलं. पण निरोप महिनोन्महिने चालूच राहिला तर टी-पेशी थकतात आणि गाठ सरावते. म्हणूनच फुफ्फुसाच्या कॅन्सरवर उलटा प्रयोग झाला, तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला: आधी पेम्ब्रोलिझुमॅबचे दोन डोस, मग काही आठवडे जॅक१ दाबणारं इटासिटिनिब. चाचणी लहान होती, तुलनेसाठी वेगळा गट नव्हता. तरी बऱ्याच रुग्णांच्या गाठी आक्रसल्या. क्रम महत्त्वाचा: आधी निरोप पोचू द्यायचा, मग त्याला लगाम घालायचा.

"नैसर्गिक, म्हणून निर्धोक." मेलानोमाच्या शस्त्रक्रियेनंतर अल्फा-२बी इंटरफेरॉन (इंटरफेरॉनचाच दुसरा प्रकार) असं देत: शरीराच्या दर चौरस मीटरला २ कोटी युनिट शिरेतून, आठवड्यात ५ दिवस, ४ आठवडे, पुढे १ कोटी युनिट त्वचेखाली, आठवड्यात ३ वेळा, ४८ आठवडे. थंडीताप आणि गळून जाणं तर नेहमीचंच. पांढऱ्या पेशी घटत, यकृताची विकरं वाढत, थायरॉइड बिघडे, काहींना आत्महत्येच्या विचारांपर्यंत नेणारं नैराश्य येई. अनेकांचा डोस कमी करावा लागे किंवा थांबवावा लागे.

"काढ्याने वाढतं." काढ्यामुळे गाठीतलं इंटरफेरॉन वाढून माणसाचा कॅन्सर आटोक्यात आला, असा पुरावा नाही. इम्युनोथेरपी चालू असताना असं काही घेत असाल तर पाकीट कॅन्सरतज्ज्ञांना दाखवा, कारण यकृताची विकरं वाढली तर ती औषधाने वाढली की काढ्याने, हे त्यांना ठरवावं लागतं आणि त्यावरच पुढचा डोस अवलंबून असतो.