गोळीसोबत दही? थांबा!

पावसाळा लागला की ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा संदेश हमखास फिरतो: ‘अँटिबायोटिकची प्रत्येक गोळी वाटीभर दह्यासोबत घ्या. दह्यातले जंतू आतड्यात वस्ती करतात, दुसऱ्याच दिवशी सगळं पूर्ववत. बाकीच्या औषधांचा या जंतूंशी संबंध नाही.’ परवा माझ्या सासऱ्यांनी सिप्रोफ्लॉक्सॅसिनची गोळी दह्यासोबत घेतली, म्हणून लिहिते आहे.

‘प्रत्येक गोळी’ हेच सगळ्यात घातक. दह्यातलं कॅल्शियम सिप्रोफ्लॉक्सॅसिनला आतड्यातच बांधून ठेवतं, रक्तात पोचणारं औषध साधारण एक तृतीयांशाने घटतं. गोळी पोटात गेली, डोस मात्र अपुराच पडला. वंदना डेपोजवळच्या तुंबलेल्या पाण्यातून आल्यावर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) टाळायला डॉक्टर जी डॉक्सिसायक्लिन देतात, तिला दुधादह्याचा अडथळा कमी असतो; पण लोहाची, कॅल्शियमची गोळी किंवा अ‍ॅसिडिटीचं औषध तिच्या जोडीला नकोच. अ‍ॅमॉक्सिसिलिनला मात्र दही चालतं. तेव्हा आपली गोळी कोणती, ते केमिस्टला विचारा.

दह्यातले बहुतेक जंतू पाहुणे असतात, येतात आणि जातात. मूळचे जंतू सावरायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. 2018 मध्ये इस्रायलमधल्या एका छोट्या अभ्यासात तर अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक (उपयोगी जंतूंच्या) कॅप्सूल घेणाऱ्यांचे मूळ जंतू काहीच न घेणाऱ्यांपेक्षा उशिरा परतले. (त्या कॅप्सूल होत्या, घरचं दही नव्हे.) त्या मूळच्या जंतूंचं अन्न म्हणजे तंतू (फायबर): नाचणीची भाकरी, मोडाची मटकी, वालाचं बिरडं. जेवणात दही जरूर खा, मलाही ते लागतंच.

‘बाकीच्या औषधांचा संबंध नाही’ हे तर साफ खोटं. त्याच वर्षी जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत हजाराहून अधिक औषधं आतड्यातल्या 40 प्रकारच्या जंतूंवर तपासली. अँटिबायोटिक नसलेल्या औषधांपैकी जवळपास एक चतुर्थांश औषधांनी निदान एका जंतूची वाढ रोखली. उलट दिशेनेही हे घडतं. हृदयाच्या डिगॉक्सिनला काहींच्या आतड्यातला एगरथेला लेंटा हा जंतू निकामी करतो, तर मोठ्या आतड्याच्या सुजेवरचं सल्फासॅलझिन जंतूंनी तोडल्याशिवाय कामालाच लागत नाही.

संदेशाची शेवटची ओळ आहे, ‘जुलाब झाले तर दही वाढवा.’ अँटिबायोटिक सुरू असताना किंवा नंतर पाण्यासारखे जुलाब थांबत नसतील, रक्त पडत असेल, ताप असेल, तर तो क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या घातक जंतूचा संसर्ग असू शकतो. तेव्हा वाटी बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.