पत्ता विकणारे बेट

भारत-मॉरिशस करकराराची बातमी पुन्हा वर्तमानपत्रात आली, त्या संध्याकाळी मारुती मंदिराजवळच्या चहाच्या गाडीपाशी आमच्या कट्ट्यावर दुसरा विषय निघणे शक्यच नव्हते. रत्नागिरीकरांना मॉरिशस परके वाटत नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून गिरमिटावर उसाच्या मळ्यांत गेलेल्यांत कोकणातली माणसे पुष्कळ होती. त्यांचे वंशज तेथे आजही स्वतःला मराठी म्हणवतात आणि गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. त्यामुळे त्या बेटाला कोणी सरसकट चोरांचा अड्डा म्हटले की मला मनापासून वाईट वाटते.

तसे म्हणण्याचे काम त्या दिवशीही बापूंनीच केले. बापू काही वर्षांपूर्वी एका यात्रा कंपनीबरोबर पाच रात्री मॉरिशसला राहून आले आहेत आणि तेव्हापासून त्या बेटाविषयी इतर कोणी बोललेले त्यांना खपत नाही. "मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे," ते म्हणाले, "राजधानी पोर्ट लुईमध्ये एकेका इमारतीत शेकडो कंपन्या आहेत. आत माणूस नाही, नुसत्या पाट्या! अशा चिमूटभर देशांना परदेशी पैशांच्या बँका काढू देणेच चूक आहे." इमारतीच्या आत जाऊन पाहिले होते का, असे विलासने विचारले, तेव्हा बस तेथे थांबली नव्हती, एवढेच उत्तर मिळाले.

विलास एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या परकीय चलन विभागात तीस वर्षे होता, म्हणून या विषयाची यंत्रणा त्यानेच समजावून सांगितली. १९८२ च्या भारत-मॉरिशस करारानुसार मॉरिशसच्या कंपनीने भारतातील शेअर विकून नफा मिळवला, तर त्यावर कर लावण्याचा अधिकार फक्त मॉरिशसला होता. आणि मॉरिशस तर असा भांडवली नफ्यावरचा कर घेतच नाही. म्हणजे तो नफा कोठेच करपात्र ठरत नव्हता. १९९१ नंतर आपला बाजार उघडला, १९९२ मध्ये त्या बेटाने परदेशी व्यवहार करणाऱ्या कंपन्यांसाठी स्वतंत्र कायदा केला, आणि अमेरिकेचा पैसा असो की मुंबईहून बाहेर जाऊन परत येणारा असो, तो पोर्ट लुईमार्गे येऊ लागला. मॉरिशसच्या रहिवासाचा दाखला दाखवला की पुरे, असे आपल्याच प्राप्तिकर खात्याच्या मंडळाने २००० साली परिपत्रकाने सांगितले आणि २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले.

"मग चोर कोण?" सुनेत्राताईंनी विचारले. आमच्या कट्ट्यावर अर्थशास्त्र शिकवलेल्या त्या एकट्याच, आणि आवाज न चढवता वाद जिंकणाऱ्याही त्याच. "करार आपण केला, परिपत्रक आपण काढले, फायदा आपल्या बाजाराने घेतला आणि शिव्या मात्र रत्नागिरी जिल्ह्याच्या चौथ्या हिश्श्याएवढ्या बेटाला? बापू, धक्क्यावर चोरीचा माल उतरला, तर तुम्ही धक्क्याला बेड्या घालता का?"

बापूंनी तत्त्वाचा प्रश्न आहे असे काहीतरी म्हटले. पण अशा छोट्या देशाने परदेशी पैशाचा धंदा करावा का, या मूळ प्रश्नाकडे सुनेत्राताई वळल्या, आणि मला त्यांचे पुढचे बोलणे त्या संध्याकाळचे सर्वांत मोलाचे वाटले. मॉरिशस १९६८ मध्ये स्वतंत्र झाले, तेव्हा त्याच्याजवळ ऊस आणि वाढती लोकसंख्या यांखेरीज काही नव्हते. जेम्स मीड या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्येच त्याच्या भवितव्याविषयी निराशाजनक अहवाल दिला होता. साखरेला युरोपने ठरवून दिलेला चढा भाव मिळत असे, तो युरोपनेच २००६ पासून कमी करत नेला. कापड गिरण्या उभ्या राहिल्या, त्या मोठ्या देशांच्या आयात कोट्यांच्या आधाराने, आणि ती कोटापद्धत २००४ च्या अखेरीस संपली. मग करकरार होता, तोही आपण २०१६ मध्ये बदलला आणि १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरवरचा नफा भारतात करपात्र केला. "तिन्ही वेळा कुलूप दुसऱ्याचे आणि किल्लीही दुसऱ्याच्याच हाती," त्या म्हणाल्या. "अशा देशाने एकच विचार करायचा असतो: दार उघडे आहे तोवर आपण घरात काय आणून ठेवले? मॉरिशसने १९७० च्या दशकातच माध्यमिक शिक्षण मोफत केले, म्हणून कंपन्या आल्या तेव्हा तेथे हिशेबनीस आणि वकील तयार होते. नुसता पत्ता विकून ते थांबले नाहीत."

"आणि जे थांबले ते?" अन्वरने विचारले. अन्वरचा आंबा निर्यातीचा व्यवसाय आहे आणि परदेशी खरेदीदाराच्या एका सहीवर हंगाम कसा अवलंबून असतो, हे तो आमच्यापैकी कोणाहूनही अधिक जाणतो.

तेव्हा विलासने पॅसिफिक महासागरातल्या नाउरूची गोष्ट सांगितली. तेही १९६८ मध्येच, मॉरिशसच्या सहा आठवडे आधी स्वतंत्र झालेले बेट, अवघे २१ चौरस किलोमीटरचे. फॉस्फेटच्या खाणींमुळे एके काळी ते जगातील श्रीमंत देशांत मोजले जाई. खाणी सरत आल्या, ठेवलेला पैसा गैरव्यवहारात आणि उधळपट्टीत गेला, आणि बेटाने बँकांचे परवाने विकायला काढले. सुमारे चारशे बँका एकाच सरकारी पत्त्यावर नोंदल्या गेल्या. १९९८ या एका वर्षात रशियातून सुमारे ७० अब्ज डॉलर नाउरूच्या नावाने वळवले गेले, असे रशियाच्या मध्यवर्ती बँकेच्या अधिकाऱ्याने सांगितले होते. तो पैसा बेटावर आलाच नाही, बेटाला फक्त परवान्याची फी मिळाली. मग काळ्या पैशाची उलाढाल रोखण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय गटाच्या काळ्या यादीत नाव गेले, अमेरिकेने निर्बंधांचा बडगा उगारला आणि दुकान बंद झाले. त्याच सुमारास बेटाची स्वतःची सरकारी बँकही बुडाली. "चारशे बँकांच्या त्या बेटावर सामान्य माणसाला पगार ठेवायला एक बँक उरली नाही," विलास म्हणाला. "२०१५ मध्ये एका ऑस्ट्रेलियन बँकेने तेथे एजन्सी उघडली, तोवर लोक नोटा घरात ठेवत होते."

काही क्षण कोणी बोलले नाही. गोष्ट आमच्या अगदी जवळची होती, कारण बापूंच्या आयुष्यभराच्या बचतीतील मोठा भाग एका पतसंस्थेत अडकलेला आहे. दीड टक्का व्याज जास्त मिळते म्हणून त्यांनी तो तेथे ठेवला, त्या वेळी विलासने नको म्हटले होते, आणि दहा वर्षांनंतरही ते दोघे त्यावरून भांडू शकतात. "चल, आता बोलून टाक," बापू म्हणाले. "आज बोलत नाही," विलास म्हणाला, आणि मला त्याचे कौतुक वाटले.

पण विलास सुनेत्राताईंना सोडायला तयार नव्हता. भारतासारखा मोठा देश करार बदलून घेऊ शकतो. आफ्रिकेतील गरीब देशांनी काय करावे? सेनेगल आणि झांबिया यांनी मॉरिशसबरोबरचे करार अखेर रद्दच केले, ते कर बुडत होता म्हणूनच ना? एका गरीब बेटाची शाळा दुसऱ्या गरीब देशाच्या दवाखान्याच्या पैशांवर चालावी, हे कोणते शहाणपण? या प्रश्नावर सुनेत्राताई प्रथमच थांबल्या. "हे मला सोडवता आलेले नाही," त्यांनी सरळ कबूल केले. "बेटाने हा धंदा करावा असे मी म्हणते, ते खरी कचेरी, खरी माणसे आणि खरी तपासणी असेल तर. २०२० मध्ये त्याच आंतरराष्ट्रीय गटाच्या करड्या, म्हणजे देखरेखीच्या, यादीत गेल्यावर मॉरिशसने दोन वर्षांच्या आत कायदे आणि तपासण्या कडक करून नाव काढून घेतले. पण शेजाऱ्याचा कर बुडवून मिळणारी फी ही फी नव्हे, हे मला मान्य आहे." मला त्यांचा पक्ष या कबुलीमुळे अधिकच पटला.

"एवढे असूनही आपण गांधीनगरला गिफ्ट सिटी या आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्रात करसवलती देऊन तेच दुकान मांडले आहे," त्यांनी पुढे जोडले, "तेव्हा बापूंनी एकदा तिकडचीही सहल करावी."

"तेथे बस थांबते का, ते आधी विचारा," अन्वर म्हणाला.

बापू रागावून उठले आणि गाडीवाल्या सख्यारामला म्हणाले, "माझा चहा लिहून ठेव." सख्यारामने वही उघडली आणि निरागसपणे विचारले, "नेहमीप्रमाणे अन्वरभाईंच्याच खात्यावर ना?"

गेले दोन महिने बापूंचा सकाळचा चहा अन्वरच्या नावावर लिहिला जात होता, हे तेव्हा उघड झाले. विलास हसता हसता कट्ट्यावर आडवा झाला. सुनेत्राताईंनी पदर तोंडाला लावला. बापूंनी अत्यंत गंभीरपणे खुलासा केला की अन्वरचे खाते जुने असल्यामुळे त्याला सख्याराम दर चहामागे एक रुपया कमी लावतो.

"माझा पत्ता वापरलास, त्याला माझी हरकत नाही," अन्वर म्हणाला, "पण मॉरिशसला निदान फी तरी मिळते रे!"