आबा, लिफ्टमध्ये उडी मारू नका

परवा संध्याकाळी आमचे आबा, वय ७३, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, सोसायटीच्या लिफ्टमध्ये उड्या मारत होते. प्रॅक्टिस म्हणून. दुसऱ्या उडीला लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली, वॉचमन चावी शोधून येईपर्यंत वीस मिनिटं आबा आत आणि आई बाहेरून ओरडतेय. कारण काय, तर ‘उंचावरून पडताना जीव वाचवण्याचे ५ उपाय’ हा फॉरवर्ड, जो मामाने फॅमिली ग्रुपवर टाकला आणि अकरा जणांनी त्याला हात जोडले. मामा, रागावू नकोस, पण आता एकेक मुद्दा घेतोच.

“लिफ्ट तुटली तर आपटायच्या अगदी आधी उडी मारा.” पाचव्या मजल्यावरून, म्हणजे १५ मीटर धरा, लिफ्ट खरंच सुटली तर तळाशी वेग होतो ताशी ६२ किलोमीटरच्या आसपास. आबांची दहा सेंटीमीटरची उडी म्हणजे ताशी ५. बासष्टातून पाच गेले, राहिले सत्तावन्न, घ्या. तेही उडी जमली तर, कारण लिफ्ट मोकळी पडताना पायाखालची फरशी तुमच्याच वेगाने खाली जात असते, पायांवर वजनच येत नाही, आणि ‘अगदी आधी’ म्हणजे कधी हे बंद डब्यात कळणार कसं? मुळात लिफ्ट अशी पडतच नाही. दोर एक नसतो, अनेक असतात, आणि वेग हाताबाहेर गेला की खालचे जबडे दोन्ही बाजूंचे रूळ घट्ट पकडतात. दोर तुटला तरी लिफ्ट अडवणारी यंत्रणा बनवणाऱ्या एलिशा ओटिसने १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात स्वतः उंच लिफ्टवर उभं राहून दोर कापायला लावला तो हेच दाखवायला. गंमत म्हणजे आत एकटे आबा असतील तर काउंटरवेट, म्हणजे दोराच्या पलीकडच्या टोकाला तोलासाठी लावलेलं वजन, लिफ्टपेक्षा जड असतं, म्हणजे ब्रेक गेला तर लिफ्ट वर जाईल! आणि आत उड्या मारल्या की ते रूळ पकडणारे जबडेच लागू शकतात, परवा बहुतेक तेच झालं.

लिफ्ट पडून वाचलेलं माणूस आहे, नाही असं नाही. १९४५ मध्ये धुक्यात एम्पायर स्टेट बिल्डिंगवर बॉम्बर विमान आदळलं तेव्हा बेटी लू ऑलिव्हर ही लिफ्ट ऑपरेटर ७५ मजले खाली गेली आणि जगली. उडी मारून नव्हे. तुटलेल्या दोरांचं वेटोळं तळाशी साठलेलं होतं, त्याने धक्का खाल्ला. तरी पाठ, मान, कंबर सगळं मोडलं होतं.

खरा हिशोब इथेच आहे आणि फॉरवर्डमध्ये नेमका तोच नाही. जेवढ्या उंचीवरून पडलात त्याला थांबायला मिळालेल्या अंतराने भागा, तेवढ्या पट स्वतःचं वजन अंगावर येतं. १५ मीटर पडून फरशीवर ५ सेंटीमीटरमध्ये थांबलात तर ३०० पट. ह्यू डीहेवन नावाच्या अमेरिकन माणसाने, जो स्वतः पहिल्या महायुद्धात विमान अपघातातून वाचलेला, १९४२ मध्ये ५० ते १५० फुटांवरून पडून वाचलेल्या लोकांच्या आठ केसेस तपासल्या. त्यात एक बाई १४४ फुटांवरून व्हेंटिलेटरच्या पत्र्याच्या खोक्यावर पडली, खोकं फूट-दीड फूट चेपलं, बाई वाचली. खोकं चेपलं म्हणून वाचली. गाड्यांचे पुढचे भाग चेपणारे करतात, सीटबेल्ट लावायला सांगतात, ते या विचारातूनच.

“वेस्ना वुलोविच १० किलोमीटरवरून पडून वाचली, अंग सैल सोडा.” यात अर्धं खरं आहे, द्यावंच लागतं. हवेच्या विरोधामुळे माणसाचा वेग ताशी २०० च्या आसपास अडकतो, त्यामुळे अर्धा किलोमीटर काय आणि दहा काय, आपटताना फारसा फरक नाही. पण वेस्ना ज्यात हवाई सुंदरी होती, त्या १९७२ मध्ये हवेतच फुटलेल्या विमानात २८ जण होते, २७ गेले, आणि ती मोकळी पडलीच नव्हती, विमानाच्या तुकड्यात अडकून बर्फाच्या, झाडांच्या उतारावर आली. कवटी फुटलेली, बेशुद्ध. अंग सैल सोडल्याचा काय संबंध?

मांजरांचा मुद्दा, म्हणजे जास्त उंचावरून पडलेली मांजरं कमी जखमी होतात हा, सोडतो. त्या पाहणीत डॉक्टरकडे नेलेली मांजरंच मोजली, जागेवर मेलेली कोण नेतं?

“धबधब्याच्या डोहात उडी मारताना आधी दगड टाका, पाणी फुटतं.” मे-जूनमध्ये हा मेसेज फिरवणाऱ्याला मी दंडवत घालतो. पाण्याच्या पृष्ठभागाची कातडी फुटायचा प्रश्नच नाही, समोरून बाजूला सारायचं पाणीच हवेच्या ८०० पट जड असतं. फेस असेल तर धक्का थोडा कमी लागतो, मान्य, पण फेसाळ पाणी तुम्हाला तोलूनही धरत नाही, आणखी खोल जाता, आणि खाली कातळ कुठे आहे ते तुमच्या दगडाला माहीत, तुम्हाला नाही. २७ मीटरवरून उड्या मारणारे स्पर्धक पाय खाली करून पडतात आणि पाण्यात त्यांच्यासाठी डायव्हर थांबलेले असतात. आपल्याकडे मित्र मोबाईल धरून थांबतात.

आणि शेवटचा, ज्यासाठी खरं तर हे लिहायला बसलो. “गाडी हळू असेल तर बाळ मांडीवर घट्ट धरा, आईच्या हातांएवढं सुरक्षित काही नाही.” ताशी ५० म्हणजे हळूच ना? तोच वेग १० मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून पडल्यावर येतो. पुढचा भाग ६० सेंटीमीटर चेपून गाडी थांबली तर १६ पट. दहा किलोचं बाळ त्या क्षणी १६० किलोचं. ताई, तू परवा गव्हाचं ३० किलोचं पोतं उचलायला मला हाक मारलीस.

ताईचं उत्तर आलंय, “अरे पण त्या बाळाच्या वेगळ्या सीटमध्ये बसवलं की तो रडतो.”

रडू दे.