तिसऱ्या भागाबद्दलची तुमची तक्रार: प्रकाशकाचे उत्तर

नमस्कार.

आमच्या कादंबरी-मालिकेचे पहिले दोन भाग तुम्ही कोबो या ई-पुस्तकांच्या दुकानातून विकत घेतलेत, तिसरा फक्त ॲमेझॉनच्या किंडलवर निघाला, आणि ‘मालिका अर्ध्यावर आणून वाचकाची अडवणूक केली’ असे लिहून तुम्ही एक तारा दिलात. तक्रार खरी आहे. किंडलचे ॲप फोनवर चालते, किंडल अनलिमिटेडचे (ठरावीक शुल्कात हवी तेवढी पुस्तके वाचायची ॲमेझॉनची योजना) सदस्य न होताही पुस्तक विकत घेता येते, हे सगळे सांगता येईल. पण तुमचे आधीचे दोन भाग, त्यातल्या खुणा आणि टिपा दुसऱ्या रीडरमध्ये आहेत. तेव्हा ते काही उत्तर नव्हे.

एक वाक्य मात्र मला मान्य नाही: ‘लेखिका पैशाला भुलल्या.’ निर्णय त्यांचा नव्हता, माझा होता. किंडल अनलिमिटेडमध्ये पुस्तक द्यायचे तर आमच्यासारख्या छोट्या प्रकाशकाला केडीपी सिलेक्टची (ॲमेझॉनवर स्वतः ई-पुस्तके काढणाऱ्यांसाठीच्या योजनेची) अट पाळावी लागते: 90 दिवस ई-आवृत्ती दुसरीकडे कुठेही द्यायची नाही, स्वतःच्या संकेतस्थळावरसुद्धा नाही. तिथे वाचल्या गेलेल्या पानांवर पैसे मिळतात. जुलै 2015 पूर्वी 10 टक्के वाचून झाले की सगळ्या पुस्तकांना सारखाच वाटा मिळे, मग ते 30 पानांचे असो की 600. पानांचा हिशोब आल्यापासून जाडजूड कादंबरीच्या पदरात काहीतरी पडू लागले. शिवाय अनोळखी नावाचे पुस्तक विकत घ्यायला कचरणारा वाचक सदस्यत्वात ते सहज उघडून बघतो. मला याचाच मोह पडला. (पानाचा दर महिना उलटल्यावरच कळतो, याकडे मी काणाडोळा केला.)

सुटी कादंबरी असती तर हा निर्णय मी आजही घेतला असता. मालिकेच्या तिसऱ्या भागाला घ्यायला नको होता, आणि घेतलाच तर आधी सांगायला हवे होते. कोबो प्लस ही सदस्य योजना अशी अट घालत नाही. म्हणजे दुसरा मार्ग नव्हता असेही नाही.

मुदत आपोआप वाढत राहते, ती वाढ मी बंद केली आहे. चालू 90 दिवस संपले की तिसरा भाग कोबोवरही येईल. चौथा पहिल्या दिवसापासून सगळीकडे असेल. तोवर ई-प्रत तुम्हाला फुकटसुद्धा देता येत नाही, करार मोडेल. छापील प्रतीला मात्र ही अट नाही. ती आमच्या खर्चाने पाठवतो, तुम्हाला आणि आधीचे भाग इतरत्र घेतलेल्या प्रत्येकाला. पत्ता इथे जाहीर लिहू नका. दुसऱ्या भागाच्या शेवटच्या पानावरच्या ई-मेलवर खरेदीच्या पावतीसह कळवा.